फ्लॅट, प्लॉट, दुकान: पुण्यात प्रॉपर्टीत पैसे टाकण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे राहायच्या घराबद्दल नाहीये. राहायचं घर घेताना मुलांची शाळा, आईवडील, ऑफिस, पाणी अशा भानगडी असतात आणि तिथे नफ्यातोट्याचं गणित थोडं बाजूला ठेवलं तरी चालतं. इथले प्रश्न त्यांचे आहेत ज्यांच्याकडे २०-२५ लाख जमलेत, किंवा गावाकडचं काही विकून आलंय, आणि घरात कोणीतरी "प्रॉपर्टीत टाकून ठेव, जमीन कुठे पळून जातेय" असं रोज म्हणतंय. उदाहरणं पुण्याची घेतलीत कारण इथलं मला माहितीये.

काकांनी २००४ ला बाणेरला फ्लॅट घेतला, २०२५ पर्यंत पाचपट झाला. मग आमचा का नाही होणार?

होईलही, पण आधी त्या पाचपटीचं गणित करू. २१ वर्षांत पाचपट म्हणजे वर्षाला साधारण ८% पडतात. वाईट नाही, पण ऐकताना वाटतं तेवढं भारीही नाही, आणि यात काकांनी दर महिन्याचा मेंटेनन्स, मिळकत कर, दोनदा केलेला रंग, बदललेलं प्लंबिंग यातलं काहीही वजा केलेलं नसतं. प्रॉपर्टीत सगळ्यांना घेतल्याची आणि विकल्याची किंमत पाठ असते, मधला खर्च कोणालाच आठवत नाही.

दुसरं म्हणजे काकांची वेळ. हिंजवडी भरायला लागलं होतं, एक्सप्रेस वे नवा होता, होम लोन पगारदार माणसाला पहिल्यांदाच सहज मिळत होतं. हे सगळं एकदम जुळून आलं. ज्यांनी २०१३-१४ ला घेतला त्यांना विचारा, २०२० पर्यंत पुण्यात बऱ्याच भागांत भाव जवळपास जागेवरच होते. ते लोक लग्नात भेटले तर हा विषय काढत नाहीत एवढंच.

बरं मग आजचा खरा हिशोब सांगा, आकड्यांत.

समजा वाघोली किंवा रावेतकडे बांधकाम चालू असलेला टू बीएचके, करारातली किंमत ७० लाख. महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी ७% म्हणजे ४ लाख ९० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार (१%, पण जास्तीत जास्त ३० हजार), बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी ५% म्हणजे साडेतीन लाख. झाले ७८ लाख ७० हजार. वर बिल्डर दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो, मीटर, लीगल चार्जेस, असं काय काय, मग भाडेकरू यावा म्हणून किचन ट्रॉली, वॉर्डरोब, पंखे, ग्रिल, गिझर. ८३ लाख धरा. ब्रोकर मात्र शेवटपर्यंत "सत्तरचा फ्लॅट" असंच म्हणत राहतो.

आता भाडं. २२ हजार मिळालं असं धरू. वर्षाचे २ लाख ६४ हजार. त्यातून मेंटेनन्स ३६ हजार, मिळकत कर १५ हजार, एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत एक महिना रिकामा म्हणजे २२ हजार, ब्रोकरला अर्धा महिना ११ हजार. हातात १ लाख ८० हजार. ८३ लाखांवर हे होतात २ टक्क्यांच्या जरा वर. सेव्हिंग अकाउंटच्या आसपास! आणि यात इन्कम टॅक्स अजून धरलेला नाही.

म्हणजे सगळा खेळ भाव वाढण्यावर. दहा वर्षांनी तो फ्लॅट १ कोटी १५ लाखाला गेला तर सगळे म्हणतील ४५ लाख कमावले. पण तुमचे गेलेत ८३, म्हणजे वाढ वर्षाला सव्वातीन टक्के, भाडं धरून साडेपाच. आता सांगा.

पण ईएमआय भाड्यातून निघतो ना?

नाही निघत. वरच्याच फ्लॅटवर बँक ८०% म्हणजे ५६ लाख देईल (३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८०% आहे, आणि स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत, ते खिशातूनच). साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता लाखाला ८६८ रुपये, म्हणजे महिन्याला ४८ हजार ६००. भाडं २२ हजार. उरलेले साडेसव्वीस हजार दर महिन्याला पगारातून, वर मेंटेनन्सही तुमचाच. सुरुवातीला २७ लाख घातलेत ते वेगळेच.

हे जमतंय की नाही याचा विचार नोकरी असताना करू नका, सहा महिने नोकरी नसली तर काय होईल त्याचा करा. फ्लॅटचा अर्धा बेडरूम विकता येत नाही.

मग लोक प्रॉपर्टीत पैसे कमावतात ते कसे कमावतात?

बहुतेक जण घेतानाच कमावतात. म्हणजे भाव वाढायची वाट बघण्याआधीच त्यांनी बाजारापेक्षा कमी भावात घेतलेलं असतं. कुटुंबात वाटणी चाललीये आणि चार भावांना लवकर पैसे हवेत, कोणी परदेशी गेलंय आणि दर सहा महिन्यांनी भाडेकरूसाठी फोन करून कंटाळलंय, कोणाला दुसरीकडे पझेशन मिळतंय आणि शेवटचा हप्ता भरायचाय, अशा ठिकाणी १०-१२% कमी भावात मिळतं, पण त्यासाठी तुमच्याकडे लोन सँक्शन तयार पाहिजे आणि कागद बघणारा वकील दोन दिवसांत हो-नाही सांगणारा पाहिजे. "बघू, घरी विचारून सांगतो" म्हणणाऱ्याला हे सौदे मिळत नाहीत. अशी माहिती एका भागात चार-सहा महिने फिरून, तिथल्या दोन-तीन जुन्या ब्रोकरांशी चहा पिऊन मिळते.

दुसरे कमावणारे रस्त्याच्या, मेट्रोच्या आधी जाणारे. यात एक बारीक फरक आहे जो लोक विसरतात. घोषणा झाल्यावर घेणारा आणि काम सुरू झाल्यावर घेणारा हे वेगळे. पुण्याच्या नव्या विमानतळाचंच बघा, पुरंदर आणि चाकणच्या नावाने कितीतरी वर्षं प्लॉट विकले गेले. चाकणचं बारगळलं, पुरंदरचं मागेपुढे होत राहिलं, आणि तिथे घोषणेच्या भावात घेतलेले लोक अडकले. उलट नवी मुंबईत अटल सेतू जानेवारी २०२४ ला सुरू झाला, विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ ला झालं, पण उलव्याला आणि पनवेलला भाव त्याच्या कितीतरी आधीपासून चढत होते, रिबिन कापल्यावर जाणाऱ्याला फारसं काही उरत नाही. मधली वेळ पकडायची: पिलर उभे दिसतायत पण गाडी सुरू नाही.

तिसरे ज्यांनी काहीतरी बदल करून भाडं वाढवलं. कॉलेजजवळ जुना थ्री बीएचके घेऊन मुलींसाठी पीजी चालवणारे, कर्वेनगरला असे बरेच आहेत. भाडं फ्लॅटच्या भाड्याच्या दीडपट सहज मिळतं, पण मग ती गुंतवणूक राहात नाही, धंदा होतो. रात्री अकराला पाणी गेलं की फोन तुम्हालाच. आणि सोसायटीची परवानगी आधी.

बांधकाम चालू असलेलं घ्यावं की तयार?

भाड्यासाठी घेत असाल तर तयार, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आलेलं. जीएसटी नाही, भाडं पुढच्या महिन्यापासून सुरू, आणि समोरच्या बाल्कनीतून डोंगर दिसतो की कचरा डेपो ते डोळ्यांनी कळतं. रिसेलमध्ये घासाघीसही जास्त चालते.

चालू बांधकामात स्वस्त मिळतं हे खरं, पण तीन वर्षं भाडं नाही, प्री-ईएमआय (पझेशनपर्यंत नुसतं व्याज) चालू आणि लांबलं तर अजून. पझेशनच्या आधी विकून नफा काढायचा प्लॅन असेल तर बिल्डर ट्रान्सफरचे किती घेणार आणि अमुक टक्के पैसे भरल्याशिवाय विकू देणार की नाही, हे करारात वाचा. बऱ्याचदा बिल्डरचेच फ्लॅट शिल्लक असतात, तो नव्या स्कीमसह विकत असतो आणि तुम्ही त्याच बिल्डिंगमध्ये त्याच्याशी स्पर्धा करत बसता. इन्व्हेस्टर म्हणून करार केला असेल तर ३ वर्षांच्या आत विकताना आधी भरलेली स्टॅम्प ड्युटी पुढच्या ड्युटीत धरायची तरतूद महाराष्ट्रात आहे, २०२२ पर्यंत ही मुदत एकच वर्ष होती. पण करारात तसा उल्लेख पाहिजे, नंतर सांगून उपयोग नाही.

रेरा नंबर आहे म्हणजे सेफ ना?

रेरा म्हणजे बांधकाम प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारा कायदा. नंबर आहे म्हणजे प्रोजेक्टची माहिती जाहीर आहे, एवढंच. २०१७ पासून ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅटच्या प्रोजेक्टला नोंदणी लागते, ग्राहकांच्या पैशातले ७०% वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, विक्री कार्पेट एरियावर. रेराच्या आधी सुपर बिल्टअपच्या नावाने काय काय विकलं जायचं ते आठवा, त्या मानाने खूप सुधारलंय.

पण फायदा तेव्हाच जेव्हा तुम्ही महारेराच्या साईटवर जाऊन स्वतः बघता. पझेशनची तारीख किती वेळा वाढवून घेतलीये, जमिनीवर कर्ज किंवा बोजा आहे का, कोर्टात काही चालू आहे का, किती फ्लॅट बुक झालेत, तिमाही रिपोर्ट भरलाय का. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो, स्कॅन करायला दहा सेकंद. आणि करार रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. "आत्ता ३०% भरा, प्री-लाँच रेट उद्या बंद होतोय" असं कोणी म्हणालं की उठायचं. प्री-लाँच म्हणजे बहुतेक वेळा नोंदणीच झालेली नसते.

उशीर झाला तर व्याजासकट पैसे मागता येतात, स्टेट बँकेच्या दरावर २ टक्के जास्त. ऑर्डर मिळते पण वसुली कलेक्टरमार्फत आणि तिथे वर्षं जातात, हे धरून चला.

सुपे, शिक्रापूर, भोर साइडला एक गुंठा ३ लाखात मिळतोय. घेऊ का?

आधी विचारा की विकतायत काय. गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, आणि रंगीत झेंडे लावून, मध्ये मुरमाचा रस्ता करून विकतात ते बहुतेक वेळा शेतजमिनीचे तुकडे असतात. तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या अधिसूचनेनुसार महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरलंय, त्याच्या खालचा तुकडा सरळ विकता येत नाही. मग काय करतात, अकरा जणांच्या नावावर मिळून एक सामायिक खरेदीखत करतात, सातबाऱ्यावर अकरा नावं लागतात आणि तुमचा एक गुंठा नेमका कुठला हे फक्त एजंटच्या कागदावरच्या नकाशात असतं. त्यावर लोन नाही, बांधकाम परवानगी नाही आणि विकायला गेलात तर बाकीच्या दहा जणांच्या सह्या. २०२५ मध्ये सरकारने शहरी हद्दीतल्या जुन्या तुकड्यांना दिलासा द्यायचं ठरवलं, त्याचं नाव सांगून एजंट आता सगळंच "लीगल होणारे" म्हणून विकतायत. होईल तेव्हा घ्या.

खरा एनए (बिगरशेती) प्लॉट वेगळा. मंजूर लेआउट, एनए ऑर्डर, प्लॉटचा स्वतंत्र सातबारा किंवा तुमच्या प्लॉट नंबरचा स्पष्ट उल्लेख, ५०० चौरस मीटरच्या वरचं प्लॉटिंग असेल तर रेरा नंबरही. हे महाग पडतं आणि पडायलाच पाहिजे.

प्लॉटचं एक लक्षात ठेवा, भाडं शून्य. वर्षातून दोनदा जाऊन बघा, कुंपण घाला, नाहीतर शेजारचा प्रेमाने चार फूट आत येतो.

शेतजमीन घेता येईल का? कोकणात आंब्याची बाग बघतोय.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, म्हणजे तुमच्या किंवा कुटुंबाच्या नावाने कुठेतरी सातबारा पाहिजे. एजंट शेतकरी दाखला "काढून देतो" म्हणतात, त्या नादाला लागू नका, उद्या खरेदीच रद्द होऊ शकते.

शेतकरी असाल तरी कोकणात दोन गोष्टींवर लोक हमखास अडकतात. एक म्हणजे सहहिस्सेदार. आजोबांच्या नावची जमीन, सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली सहा मुंबईला, दोन वारलेली आणि वारस लागलेले नाहीत. गावातला एक भाऊ म्हणतो सगळं मीच बघतो, तुम्ही पैसे मला द्या. बहिणींच्या सह्या नसतात, आणि २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, त्यामुळे हक्कसोड पत्र रजिस्टर झालेलं नसेल तर ती जमीन पूर्ण तुमची झालेलीच नाही. दुसरी गोष्ट कुळ. सातबाऱ्यावर इतर हक्कात कुळाचं नाव आहे का ते बघा, आणि जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ तेही. वर्ग २ असेल तर बहुतेक वेळा परवानगीशिवाय विकता येत नाही.

शिवाय जायला रस्ता. कागदावर रस्ता नसला आणि आत्ता शेजाऱ्याच्या बांधावरून जाता येत असलं तर तो शेजारी जिवंत आणि खूश असेपर्यंतच तुमची बाग आहे.

नफ्याचं म्हणाल तर बागेतून उत्पन्न काढायला तिथे राहणारा माणूस लागतो. शनिवार-रविवारची बाग ही हौस आहे, चांगली हौस आहे, फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका.

दुकान किंवा ऑफिस घेतलं तर भाडं जास्त मिळतं म्हणतात?

मिळतं, चांगल्या जागी ६-७% पर्यंतही. पण रिकामं राहिलं तर वर्ष वर्ष रिकामं राहतं, आणि कर्ज महाग, स्वतःचे पैसे जास्त घालावे लागतात. दुकान घेताना पार्किंग बघा, समोर डिव्हायडर आहे का ते बघा (डिव्हायडर झाला की पलीकडचं गिऱ्हाईक संपलं), आणि त्याच बिल्डिंगमधली आधीची दुकानं किती वेळा बदलली ते शेजारच्या चहावाल्याला विचारा. नव्या टाउनशिपमधली पहिल्या मजल्यावरची दुकानं तर मी कोणालाच सुचवत नाही, खाली रस्त्यावर जागा असताना जिना चढून कोणी येत नाही.

"तीन वर्षं खात्रीशीर १२% भाडं, लेखी देतो" अशी स्कीम आहे. कशी वाटते?

तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्याने परत देतात, किंमत आधीच फुगवून. तीन वर्षांनी खरं भाडं कळतं. लेखी देणारी कंपनी तेव्हा असेलच असं नाही.

बिल्डर किंवा विकणारा थोडी कॅश मागतोय. सगळेच देतात ना?

देतात, आणि अडकतातही. प्रॉपर्टीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. कॅश देणाऱ्याचं नुकसान वेगळं. ८० चा फ्लॅट ६० ला दाखवला तर उद्या विकताना तुमची खरेदी ६० धरतात आणि मधल्या २० लाखांवर तुम्ही नफा नसतानाही टॅक्स भरता. लोनही कमी मिळतं. व्यवहार मोडला तर कॅश परत मागायला पुरावा काय? शिवाय करार रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेला भाव) १० टक्क्यांहून जास्त खाली गेला तर इन्कम टॅक्सवाले रेडी रेकनरचाच भाव धरतात, दोन्हीकडच्यांना.

भाडेकरूने घर बळकावलं तर?

ही भीती जुन्या वाड्यांमुळे आहे, सदाशिव पेठेत तीस रुपये भाडं देणारे अजून सापडतील. आता लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करा म्हणजे तशी वेळ सहसा येत नाही. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि रजिस्टर करणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. घरबसल्या ऑनलाइन होतो, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. स्टॅम्प ड्युटी ०.२५%, शहरात नोंदणी फी १००० रुपये. मुदत संपूनही सोडलं नाही तर दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई मागता येते. नोटरी केलेला शंभर रुपयांचा स्टॅम्प यासाठी चालत नाही, अजून निम्मे लोक तेच करतात.

पोलिसांना माहिती द्या, तीही ऑनलाइन होते. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं. आणि दर वर्षी ५% वाढीसाठी चांगला भाडेकरू घालवू नका, एक महिना रिकामं गेलं की ८% गेले.

सोसायटी म्हणते भाडेकरू ठेवला तर मेंटेनन्स दुप्पट.

चालत नाही. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच. तसंच रिसेल घेताना ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, "डोनेशन" म्हणून लाख मागितले तर लेखी मागा, मग मागणी कमी होते. पुणे महापालिकेत मिळकत करात स्वतः राहणाऱ्याला ४०% सवलत आहे, ती भाड्याने दिलेल्या घराला नाही, ते मात्र खरं.

रिडेव्हलपमेंटला जाणाऱ्या जुन्या सोसायटीत फ्लॅट घेतला तर?

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, इथे जुन्या तीन मजली बिल्डिंगी पाडून बारा मजली होतायत आणि जुन्या सभासदाला जास्त एरिया, नवं घर, मधल्या काळाचं भाडं मिळतं. लिफ्ट नसलेला तिसऱ्या मजल्यावरचा जुना वन बीएचके घेऊन ठेवणारे हुशार असतात, यात खरंच पैसे झालेत.

पण कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का ते आधी विचारा. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर असेल तर डीम्ड कन्व्हेयन्स (सरकारी अधिकाऱ्यामार्फत) करून घ्यावं लागतं आणि रिडेव्हलपमेंट नुसतं बोलण्यातच राहतं. रस्ता किती रुंद आहे ते बघा, सहा मीटरच्या गल्लीत एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) कमीच मिळणार. मग सभासदांचं राजकारण, एक काका सही करत नाहीत म्हणून पाच पाच वर्षं. विकणारा "पुढच्या दिवाळीत पाडायला घेतायत" म्हणेल, तुम्ही जनरल बॉडीचे मिनिट्स मागा.

बँकेच्या लिलावात स्वस्त मिळतं का?

कधी कधी २०% पर्यंतही, पण पहिल्यांदा घेणाऱ्याचं हे काम नाही. आधी १०% अनामत, बोली लागली की दुसऱ्या दिवसापर्यंत एकूण २५%, बाकी साधारण १५ दिवसांत. एवढ्यात लोन होत नाही. नोटिशीत "सिम्बॉलिक पझेशन" लिहिलं असेल तर आत अजून माणसं राहतायत, आणि ती बाहेर काढण्याची कटकट लांबते. सोसायटीची थकबाकी, लाइट बिल, मिळकत कर, सगळं बहुतेक वेळा तुमच्या गळ्यात. आधी जाऊन वॉचमनला भेटा.

माझ्याकडे दोनच लाख आहेत, मग प्रॉपर्टी विसरू का?

रीट बघा. मोठमोठ्या ऑफिस पार्कचं आणि मॉलचं भाडं गोळा करून युनिट घेणाऱ्यांना वाटतात, शेअरसारखंच डीमॅटमधून घेता-विकता येतं, काहीशे रुपयांपासून. आपल्याकडे पहिलं २०१९ ला एम्बसीचं आलं, मग माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड, २०२३ ला मॉलवालं नेक्सस. हिंजवडीचं क्वाड्रॉन, येरवड्याचं कॉमर्झोन, औंधचं वेस्टएंड, ही पुण्यातलीच ठिकाणं यांच्यात आहेत. वाटण्याजोग्या पैशातले किमान ९०% वाटावेच लागतात. भाव खालीवर होतो, कंपन्यांनी ऑफिसं सोडली तर उत्पन्न कमी होतं, पण दोन लाखात तुमच्या नावाने भाडं यायला लागतं आणि गिझर बिघडल्याचा फोन येत नाही. आईला पटवणं अवघड, कारण दाखवायला किल्ली नाही.

विकताना टॅक्स किती?

दोन वर्षांनंतर विकलं तर लाँग टर्म. २३ जुलै २०२४ पासून १२.५%, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही. त्या तारखेच्या आधी घेतलेलं असेल तर इथे राहणाऱ्या व्यक्तीला २०% आणि इंडेक्सेशन हा जुना हिशोबही करून बघता येतो, जो कमी पडेल तो. वरच्या उदाहरणात १ कोटी १५ लाखातून ब्रोकरेज १ लाख १५ हजार आणि खरेदीचे ७८ लाख ७० हजार (स्टॅम्प ड्युटी, जीएसटी धरून, फर्निचर नाही) वजा केले तर नफा ३५ लाख १५ हजार, सेससकट टॅक्स साधारण ४ लाख ५७ हजार.

वाचवायचा तर नफा दुसऱ्या राहत्या घरात घाला, किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत सरकारी बाँडमध्ये, ते पाच वर्षं अडकतात. ५० लाख किंवा वरच्या व्यवहारात घेणाऱ्याने १% टीडीएस कापून भरायचा असतो, विसरलात तर नोटीस घेणाऱ्याला येते. नव्या इन्कम टॅक्स कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे जुन्या नंबरवर जाऊ नका, सीएला विचारा.

मी दुबईला आहे, पुण्यातला फ्लॅट विकायचाय. भाऊ सगळं बघेल.

भावाला पॉवर ऑफ अॅटर्नी द्या पण फक्त त्या एका फ्लॅटपुरती, आणि तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून नीट करून. घेणाऱ्याला आधीच सांगा की तुम्ही एनआरआय आहात, कारण मग १% टीडीएस चालत नाही, जास्त कापावा लागतो, आणि तो बऱ्याचदा पूर्ण किमतीवरच कापतात. कमी कापण्याचं सर्टिफिकेट इन्कम टॅक्सकडून मिळतं, त्याला वेळ लागतो म्हणून गिऱ्हाईक बघायला लागल्याबरोबर अर्ज करा. आणि गावाकडची शेतजमीन एनआरआयला विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते.

बायकोच्या नावावर घेतला तर फायदा?

स्टॅम्प ड्युटीत १% सूट, म्हणजे ७० लाखांवर ७० हजार. घर राहण्याचं पाहिजे आणि घेणाऱ्या सगळ्या बायकाच पाहिजेत, नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. आधी १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ ला काढली. इन्कम टॅक्समध्ये मात्र फसू नका: पैसे तुम्ही दिले असतील तर भाडं तुमच्याच उत्पन्नात धरतात. तिचा स्वतःचा पगार असेल आणि पैसे तिच्या खात्यातून गेले असतील तर भाडंही तिचं. आणि बँक लोन देताना बहुतेक वेळा तुम्हाला को-अॅप्लिकंट करतेच, त्यासाठी तुमचं नाव करारात असायलाच पाहिजे असं नाही, बँकेला करार करायच्या आधी विचारून घ्या.